किंग हेन्रीज रोडपासून पायी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लंडनहून आल्यापासून आम्हाला एकच विचारलं जातं : एवढे पैसे घालून काय पाहिलंत? एक काका तर तोंडावर म्हणाले, "तेवढ्यात विहाराला रंग झाला असता." प्रश्न रास्त आहे. चौघांनी तीन वर्षं भिशी लावली तेव्हा कुठे तिकिटं निघाली. तिथे एका पौंडाला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात. म्हणून हिशोब देणं आमचं कर्तव्य आहे. सगळा प्रवास सांगत बसत नाही, एकच दिवस सांगतो.

उतरलो होतो ते धर्मशाळेसारख्या जागेत. एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. त्या दिवशी सकाळीच जागा सोडली, कारण रात्री जर्मनीची बस होती आणि बसमध्ये झोपलं की एका रात्रीचं भाडं वाचतं. सामान सगळं पाठीवर. पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिथल्या लाल बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लावावं लागतं, आणि माणशी वेगळं कार्ड. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे पडत नाहीत.

चॉक फार्मला उतरून १०, किंग हेन्रीज रोड गाठलं. परमपूज्य बाबासाहेब १९२१-२२ साली या घरात राहिले. बाहेर निळी गोल पाटी आहे. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली घेतलं. पण तिथेही सुखासुखी झालं नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, कॅम्डेनच्या नगर परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, अपील करावं लागलं. २०२० साली मंजुरी आली. घराला जागा मिळवायलाही भांडावं लागतं, हे आपल्या लोकांना नवीन नाही.

तिथून पुढे बस घ्यायची नाही असं ठरवलं. प्रिमरोझ हिलची टेकडी, मग रीजंट्स पार्क, मग युस्टन रोड ओलांडून ब्रिटिश म्युझियम. चार किलोमीटरच्या आसपास होतं. साच्यावर आठ-आठ तास उभे राहिलेले आमचे पाय, पण पाठीवर ओझं असलं की तेही बोलायला लागतात.

म्युझियमला तिकीट नाही. पिशव्या तपासून आत सोडलं. मधोमध तो गोल वाचनकक्ष, १८५७ सालचा, वर मोठा घुमट. कार्ल मार्क्स इथेच वाचत बसे. (त्यांची कबर हायगेटला आहे, तिला मात्र तिकीट आहे. आम्ही लांबूनच लाल सलाम केला.) बाबासाहेब शिकत होते तेव्हा ग्रंथालय याच इमारतीत होतं. आता ते सेंट पँक्रसला हलवलंय. चरित्रकार लिहितात : सकाळी पावाचा तुकडा, जॅम, चहा. मग म्युझियम बंद होईपर्यंत वाचन. रात्री भूक लागली की पापड. हे आपण दर जयंतीला भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. तिथल्या पायरीवर बसून भाकरी मोडताना घास उतरेना. आम्हाला निदान चार भाकऱ्या होत्या.

पैशाचं बघा. १९१६ साली ते लंडनला पहिल्यांदा आले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली परतावं लागलं. तीन वर्षांनी पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज घेऊन. त्यातून १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. झाले. आपल्या अभ्यासिकेत दिवा आहे, पंखा आहे, आणि रात्री नऊला कुलूप लागतं. काकांना आमचं उत्तर एवढंच, की रंग पुढच्या वर्षी काढू, आधी ते कुलूप अकराला लावू. किल्ली सांभाळायला आम्ही बसतो.

तिथून ग्रेज इन, जिथे ते बॅरिस्टर झाले. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. ही दोन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत. पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून फार थांबलो नाही. पुढे व्हिक्टोरियाच्या बसस्थानकापर्यंत तीनेक किलोमीटर चालणं झालं. आमच्यातल्या एकाच्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळीने बांधून वेळ मारून नेली.

बस सुटली. रात्री समुद्राशी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, पासपोर्ट पाहिले, परत चढवलं. सकाळी कोलोन, तिथून रेल्वेने बॉन. बाबासाहेबांनी १९२१ साली स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत प्रवेशअर्ज लिहिला तो या बॉनच्या विद्यापीठाला. बॉनचं पुढच्या रविवारी वंदनेनंतर सांगतो, फोटोही आणतो. जयभीम!