भूकंप, धरण आणि आपला सातबारा

(डिसेंबर १९९४ मध्ये पुण्यातल्या बैठकीत आम्ही केलेलं भाषण. ज्या गावांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



काल रात्री आम्ही इथंच नारायण पेठेत एका घरी मुक्कामाला होतो. तिथल्या आजींनी जिन्याजवळच्या भिंतीवर एक रेघ दाखवली. आमच्यातला सगळ्यात उंच पोरगा तिच्याखाली उभा राहिला तरी रेघ त्याच्या डोक्यावर हातभर राहिली. तारीख लिहिलेली, १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण पुरं व्हायच्या आधीच फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं फुटलं, आणि मुठेचं पाणी या पेठांमधून फिरलं. आजी सांगत होत्या, भांडीकुंडी, धान्य, लग्नातली पेटी, सगळं गेलं, जीव तेवढा वाचला. पुढं पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. व्हायलाच पाहिजे होत्या. आम्ही विचारलं, आजी, पानशेतच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली ती माणसं कुठं गेली? त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते बाळांनो कधी कुणी सांगितलंच नाही."

आजींचा यात काही दोष नाही. शहरात रेघ राहिली, डोंगरात रेघ मारायला भिंतच राहिली नाही.

आता किल्लारीचं सांगतो. गेल्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं मेली. आम्ही सहाजण ऑक्टोबरात सास्तूरकडं गेलो होतो, आठ दिवस राहिलो. मदतीला म्हणून गेलो, पण खरं म्हणजे शिकूनच आलो. तिकडची घरं काळ्या दगडाची. भिंत दोन-दोन, तीन-तीन हात जाड, पण दगडाला दगड धरून ठेवायला चुना नाही, नुसती माती. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि घराण्याचा मान म्हणून भिंत जाड. जमीन हलली तशी भिंत फुगून फुटली आणि माती-दगड झोपलेल्या माणसावर आला. ढिगाऱ्याखालचे कित्येक दगडानं कमी आणि मातीनं श्वास कोंडूनच जास्त गेले, असं आम्हाला तिथले लोक सांगत होते.

पण गावाच्या कडेला ज्यांची झोपडी होती, तुराट्याची भिंत, वर पाचट नाहीतर पत्रा, त्यातले बरेच जण वाचले. एक मजूर बाई म्हणाली, "माझं घर पडलं ते मी हातानंच बाजूला केलं." ती हसत नव्हती, पण आम्हाला आपली घरं आठवली. आपण मेढी पुरतो, कारवीचा कूड करतो, शेणमातीनं लिंपतो. मास्तर, ग्रामसेवक, पाव्हणे सगळे त्याला कच्चं घर म्हणतात. जमीन हलली तर कूड वाकतो, चिरतो, लिंपण गळतं, पण माणसाला मारत नाही. म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांना काही अक्कल होती. (गळतं, साप येतो, वणव्याची भीती असते, ते आम्हालाही ठाऊक आहे. कौतुक करून कुणी आपल्याला कुडातच ठेवायला नको.) आणि त्याच कारवीसाठी, मेढीसाठी आपल्यावर गुन्हे होतात. आमच्या वाडीतल्या एकानं घर शाकारायला दोन भारे आणले तर त्याच्या हातात दंडाची पावती पडली.

तर सरकारनं ठरवलं की सगळ्यात जास्त मोडलेली बावन्न गावं नवीन जागी वसवायची. चांगलं झालं. पण घर किती मोठं द्यायचं ते कशावर ठरलं? घरात माणसं किती, मेली किती, यावर नाही. जमिनीवर. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे. सात हेक्टरच्या वर असेल त्याला साडेसातशे. भूकंपानं सगळ्यांना एका उघड्या माळावर आणून झोपवलं होतं, कागदानं परत ज्याला त्याला आपापल्या जागी बसवलं.

आता हे आपल्याला लावून बघा. आपल्यातले निम्मे लोक बापजाद्यांपासून जंगलजमिनीवर नाचणी, वरई करतात. सातबाऱ्यावर नाव नाही. उद्या आपल्याकडं काही झालं तर पंचनामा करणारा येईल आणि विचारील, उतारा दाखवा. नाही? मग भूमिहीन. शेताचं नुकसान? शेतच नाही तुमचं, नुकसान कसलं? संकटात माणूस उघडा पडतो असं म्हणतात. आपण संकटाच्या आधीच उघडे आहोत.

कुणी म्हणेल, आपल्याकडं कुठं भूकंप होतो. कोयनेलाही असंच म्हणत होते. धरणात पाणी साठायला लागलं १९६२च्या सुमाराला, तेव्हापासून बारीक धक्के, जमिनीतून आवाज. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा धक्का बसला, कोयनानगर मोडलं, पावणेदोनशे-दोनशे माणसं गेली, हे पुणंसुद्धा हाललं. शास्त्रज्ञ सांगतात की खाली खडकात आधीच ताण असेल तिथं पाण्याचं ओझं आणि भेगांत मुरणारं पाणी त्याला धक्का देतं. आपल्या जवळचं म्हणाल तर १९८३ साली शहापूर तालुक्यात भातसा धरण भरत असताना खर्डीच्या बाजूला असेच धक्के बसले. तिथं आपलेच ठाकर, वारली, कातकरी. प्रत्येक धरणानं भूकंप होतो असं नाही, अशी भीती कुणी घालत असेल तर विश्वास ठेवू नका. पण डिंभ्याच्या पाण्याला ज्यांनी जमिनी दिल्या आणि आता वर डोंगराला सरकून घरं बांधली, त्यांना विचारायचा हक्क आहे की इथल्या खडकाची तपासणी काय झाली, मापायचं यंत्र कुठं बसवलंय. हा प्रश्न निवेदनात घातलाय.

डोंगराला सरकण्यावरून आठवलं. भूकंपापेक्षा आपल्याला जवळची भीती दरडीची. जुलै १९८९ मध्ये मावळात भाजे गावावर डोंगर आला, रात्रीचा पाऊस, माणसं घरातच गाडली. तिथं कूड असो की चिरा, काही उपयोग नाही. धरणानं खालची सपाट जमीन घेतली की माणूस चढावर घर बांधतो, चढ कापून खाचर काढतो. दुसरं करणार काय? म्हाताऱ्यांना खुणा माहीत आहेत. वर जमिनीला नवीन भेग पडली, झाडं वाकायला लागली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, तर त्या रात्री तिथं झोपायचं नाही. ढोरं सोडा, म्हातारी उचला, शाळेत किंवा देवळात जा. पाऊस थांबला म्हणून लगेच परत जाऊ नका. आणि भेग पडली की ग्रामपंचायतीत तोंडी सांगू नका, अर्ज द्या, पोच घ्या.

पोचेवरून शेवटचं काम सांगतो. प्रत्येक वाडीनं एक वही घालायची. कुणाचं घर कुठं, आत किती माणसं, कुणी कुठला प्लॉट किती वर्षं कसतो, शेजारी कोण. खाली पाच म्हाताऱ्यांचे अंगठे. दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका, त्या तारखेला तुम्ही त्या जमिनीवर होता एवढं त्या कागदावर त्यांनीच लिहून दिलंय. किल्लारीला कागद घराबरोबर गाडले गेले आणि माणसं महिनोन्‌महिने आपण आपणच आहोत हे सिद्ध करत फिरली. म्हणून वहीच्या दोन प्रती करा. एक वाडीत पत्र्याच्या डब्यात, दुसरी दुसऱ्या गावात. लिहिणारा नसेल तर निरोप पाठवा, आम्ही बारावी झालेले चौघं आहोत, मुक्कामाला येऊ. भाकरीची सोय तुमची.

वह्या होळीच्या आधी जमा करायच्या आहेत. होळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर आणि बांधकामावर गेलेली असते, मग अंगठे कुणाचे घेणार?