आईच्या कार्टमधलं मशीन आणि पप्पांचा उजवा गाल

आजचा विषय जरा घरगुती आहे. चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा घट्ट करणारी मशीन्स. रील्समध्ये दर दोन मिनिटांनी दिसतात ना, तीच.

मागच्या महिन्यात शिरवळला घरी गेले होते. आईने हळूच फोन पुढे केला. "अगं, बघ जरा, घेण्यासारखं आहे का?" कार्टमध्ये 11,000 रुपयांचं मशीन. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो आल्यापासून ती आरशासमोर हनुवटीखाली बोट लावून बघायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. पप्पा हसले. "या वयात काय करायचंय हे?" आईने फोन उलटा ठेवला आणि भाकऱ्या करायला उठली. मला ते लागलं. म्हटलं, आई, दोन दिवस दे, नीट वाचून सांगते.

तर वाचलं ते असं. वयाबरोबर त्वचेतलं कोलॅजेन आणि इलॅस्टिन कमी होतं हे खरंच, पण तेवढंच होत नाही. खालची चरबी सरकते, चेहऱ्याची हाडंही थोडी झिजतात. भिंतीला ओल आतून आली असेल तर वरून रंग मारून भागत नाही, तसंच आहे हे.

आता मशीन्स. पहिलं मायक्रोकरंट. अगदी बारीक विद्युतप्रवाह. चेहरा थोडा वेळ तरतरीत दिसतो, वापर थांबवला की परिणाम ओसरतो. दुसरं लाल एलईडी मास्क, साधारण 630 ते 660 नॅनोमीटरचा प्रकाश. बारीक सुरकुत्यांवर थोडा फायदा दिसलाय, पण अभ्यास छोटे आहेत, आणि लोंबलेली त्वचा वर खेचणं हे त्याचं कामच नाही. तिसरं रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उष्णता देऊन कोलॅजेन आकसवायचं. दवाखान्यात हे करताना तापमानावर जाणत्या माणसाचं लक्ष असतं. घरचं मशीन मुद्दामच कमी ताकदीचं ठेवतात, कुणी भाजू नये म्हणून. इनपुटच कमी, तर आउटपुट कुठून येणार?

आणि हो, पेसमेकर असेल, गरोदर असाल, तर करंट किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या मशीनच्या वाटेला जाऊच नका. बॉक्सवरचं 'एफडीए क्लियर्ड' वाचून भुलू नका. त्याचा अर्थ साधारण इतकाच, की हे उपकरण आधीपासून बाजारात असलेल्या तशाच उपकरणाच्या तोडीचं आहे. जाहिरातीतल्या फोटोइतका फरक पडेल, असा नाही.

हे सगळं रात्री जेवताना सांगत होते आणि माझं लक्ष पप्पांकडे गेलं. पप्पा 22 वर्षं टेम्पो चालवतायत. एमआयडीसीतला माल, कधी पुणे, कधी खंबाटकी ओलांडून कोल्हापूर. त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा जास्त सुरकुतलेला, जास्त ओघळलेला. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

मग मी त्यांना एक फोटो दाखवला. 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. 69 वर्षांचा अमेरिकन माणूस, 28 वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून चेहऱ्याची डावी बाजू कितीतरी म्हातारी. कारण? उन्हातले यूव्हीए किरण. चटका देणारे यूव्हीबी किरण खिडकीची काच बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येतात. चटका बसत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

पप्पांनी दोन्ही गाल चाचपले आणि म्हणाले, "हे मशीन एका गालापुरतं मिळतं का?" आई आधी हसली, मग म्हणाली, "आता कसं!"

आता कामाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात नॅम्बर या गावी 55 पेक्षा कमी वयाच्या 903 जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो 2013 मध्ये छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या म्हातारपणाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी होत्या. साधी ट्यूब! एसपीएफ 30 किंवा जास्त, वर पीए+++ लिहिलेलं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. शेतात, गाडीवर जाताना तोंडाला बांधलेला स्कार्फही तितकाच कामाचा.

पण खोटं नाही सांगणार. सनस्क्रीन पुढचं नुकसान थांबवतं, ओघळलेलं वर नेत नाही. तेही मी आईला सांगितलं. तिने कार्टमधून मशीन काढलं आणि म्हणाली, "पैसे वाचले ना? मग त्यातून मला त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. काय होतं, काय नाही, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

पुढच्या शनिवारी साताऱ्याला चाललोय. गाडी पप्पा चालवणार, सनस्क्रीन लावून. आणि "या वयात कशाला" हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे. तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात!