नारायण सुर्वे वाचताना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. रिटायर झाल्यावर मी नारायण सुर्व्यांची सगळी कविता ओळीने वाचून काढली, 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) पासून 'नव्या माणसाचे आगमन' (१९९५) पर्यंत. त्याविषयीच बोलतो.

सुर्वे म्हटलं की लाल बावटा आणि मोर्चा डोळ्यांपुढे येतो. आपण तर गिरणगावची पोरं. १८७७ सालची जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर आपल्या घरचा चहा व्हायचा. माझे वडील साचाखात्यात होते, म्हणून मी त्या पानांत आधी गिरणीच शोधली. ती सापडली. 'जाहीरनामा'तल्या काही कविता मात्र एकट्याने वाचताना जरा चढ्या आवाजातल्या वाटल्या, त्या सभेतच शोभाव्यात.

अडकलो ते शाळेपाशी. टाकून दिलेलं हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणलं, त्याला आपलं नाव दिलं. मोठेपणी तेच मूल शाळेत शिपाई झालं आणि मग मास्तर. म्हणजे दाखल्यातला बापाच्या नावाचा रकाना या माणसाने दोन्ही बाजूंनी पाहिला होता. त्यांची ती प्रसिद्ध कविता तुम्हाला आठवत असेल. वेश्यावस्तीतली आई मुलाचं नाव शाळेत घालायला येते, आणि बापाचं नाव काय लावायचं ते मास्तरांवरच सोपवते. ऐकणारे आईसाठी रडतात. मला मात्र मास्तरांच्या हातातलं पेन दिसत राहिलं.

आपली नावं घालायला कोण आलं होतं? पूर्व भागातून विड्या वळणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी आया आल्या होत्या. त्यांना तारीख सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी १ जून टाकून दिली. (आज इथे १ जूनवाले किती आहेत, हात वर करा बघू!) त्या पेनाने अनेकांना सांभाळून घेतलं, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

पण दुसरंही सांगायला हवं. ईबीसीचे फॉर्म भरताना आपल्या वर्गातल्या एका मुलीला दरवर्षी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जायचं, "वडिलांची सही का नाही?" वडील घर सोडून गेलेत, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. विचारणाऱ्यालाही. नववीच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही. गणितात ती आपल्या सगळ्यांच्या पुढे होती.

मेळाव्याच्या यादीत तिचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. पुढच्या वेळी ती पाचवीच्या हजेरीपटावरून करावी, अशी आयोजकांना विनंती आहे. आणि तिचा ठावठिकाणा कोणाला माहीत असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर भेटा.