डिकीतलं ओझं कोण पेलतं?

(दिल्लीतील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, संपादित)



काल याच व्यासपीठावर संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या अर्थकारणावर आहे. मधल्या दिवशी मी पट्ट्या, ब्रॅकेट आणि नट-बोल्ट घेऊन आलो आहे. दिल्लीकरांना मात्र हा विषय परका वाटू नये. बाहेर उभ्या असलेल्या आपल्या कितीतरी गाड्यांच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर आहे. त्याच्याबद्दल आपली तक्रार एकच असते, की बॅगा ठेवायला जागा राहत नाही. ते सिलिंडर जागेवर कशामुळे राहतं, हे मात्र आपण क्वचितच वाकून पाहतो.

हे सिलिंडर दिल्लीत आलं ते न्यायालयाच्या दारातून. वकील एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाविरुद्धच्या 1985 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी आदेश दिला, की दिल्लीतल्या सगळ्या बस 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आल्या पाहिजेत. जुन्या रिक्षा आणि टॅक्स्यांसाठीही मुदती ठरल्या. त्यावरून वाद झाले, मुदती हुकल्या, पंपांवर रांगा लागल्या. पण 2002 च्या अखेरीस शहर बससेवेतलं डिझेल गेलं. या सगळ्यात चर्चा झाली ती धुराची, किमतीची आणि रांगांची. अभियंत्यांसमोर आणखी एक प्रश्न होता. मूळ आराखड्यात ज्या ओझ्याला जागाच नव्हती, ते चालत्या गाडीत बांधायचं कसं?

बांधण्याची दोन कामं असतात. पाण्याचा हंडा कमरेवर घेतलेली बाई डोळ्यांसमोर आणा. कंबर खालून आधार देते, हात वेढा घालून हंडा दाबून धरतो. गाडीत कमरेचं काम करतं ते ब्रॅकेट आणि हाताचं काम करतो तो क्लॅम्प. ब्रॅकेट वजन घेतं आणि गाडीच्या सांगाड्याकडे पोचवतं. क्लॅम्प दाब निर्माण करतो आणि त्या दाबातून घर्षण मिळतं. डिकीत सिलिंडर बहुधा आडवं असतं. गाडी पुढे आदळली, तर ते पुढच्या सीटकडे झेपावेल. तिथे क्लॅम्पच्या पोलादी पट्टीचा ताण त्याला अडवतो. बाजूने धडक बसली, तर सिलिंडर पट्टीतून सरकू पाहतं. तेव्हा मुख्य भिस्त उरते ती घर्षणावर.

हा जोर किती असतो, ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या 110 क्रमांकाच्या विनियमानुसार मोटारीतल्या भरलेल्या सिलिंडरच्या बांधणीने प्रवासाच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट आणि आडव्या दिशेने 8 पट प्रवेग सोसला पाहिजे. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह आणि आतला गॅस मिळून सोयीसाठी 70 किलो धरू. धडकेच्या क्षणी ते 1400 किलोचं ओझं होतं. जुन्या मारुती 800 चं रिकामं वजन सुमारे 650 किलो होतं. म्हणजे तशा दोन गाड्यांहून जास्त वजन क्षणभर सिलिंडरच्या पट्ट्यांवर येतं. मोठ्या बससाठी प्रवासाच्या दिशेचा आकडा 20 ऐवजी 6.6 पट आहे, कारण जड वाहन धडकेत तितक्या झटक्याने थांबत नाही.

आता ते 1400 किलो कुठे जातात, ते बघा. सिलिंडरकडून पट्टीकडे, पट्टीकडून बोल्टकडे, बोल्टकडून ब्रॅकेटकडे, ब्रॅकेटकडून गाडीच्या तळाकडे. गाडीच्या तळाचा पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा. त्याला नुसतं भोक पाडून बोल्ट घातला, तर बोल्ट शाबूत राहील आणि पत्रा फाटून येईल. म्हणून पत्र्याखाली रुंद, जाड आधारपट्टी घालतात; भार एका भोकावर न येता पसरतो. माझं सगळं सांगणं या एका वाटेभोवती फिरतं. भाराची वाट जिथे सर्वांत कच्ची असेल, तेवढीच त्या बांधणीची ताकद.

बोल्टबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. आपल्याला वाटतं, बोल्ट खिळ्यासारखा आडवा राहून भार अडवतो. वास्तविक नीट आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. 8 मिलिमीटरचा, 8.8 दर्जाचा साधा बोल्ट योग्य आवळल्यावर सुमारे दीड टन दाब देतो. दाब आहे तोवर भाग सरकत नाहीत. सरकत नाहीत तोवर बोल्ट सैल होत नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की जोड आडवा पुढेमागे घसरू लागला की आटे आपोआप उलटे फिरतात. म्हणून जिथे थरथर जास्त, तिथे आतून नायलॉनचं कडं असलेला नट वापरतात. पण ते कडंही नट गळून पडू देत नाही इतकंच. गेलेला दाब ते परत आणत नाही.

थरथर किती असते? तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत उभ्या जागी चालू असलं, तर दर फेऱ्याला सरासरी दीड स्फोट, म्हणजे सेकंदाला 20 धक्के. आश्रम चौकातल्या कोंडीत दहा मिनिटं थांबलात, तर इंजिनाभोवतीच्या प्रत्येक ब्रॅकेटने 12 हजार धक्के खाल्ले. ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या त्या धक्क्यांच्या जवळ आली, तर ते जोराने झुलू लागतं आणि वाकणाच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते. त्यावर जाड पत्रा हा आळशी उपाय. एका टोकाला बांधलेली पट्टी दुप्पट लांब केली, तर तेवढ्याच भाराखाली ती आठपट वाकते. म्हणून ब्रॅकेट आखूड ठेवायचं आणि त्याच्या कडा दुमडायच्या. त्या दुमडीने वजन फारसं न वाढता ताठरपणा येतो. कश्मीरी गेटच्या बाजारात एखादं ब्रॅकेट हातात घेऊन पाहा. त्याची प्रत्येक घडी विचारपूर्वक घातलेली असते.

छोट्या क्लॅम्पचीही दखल घेऊ. सिलिंडरमधला दाब इंजिनासाठी उतरवताना गॅस थंड होतो. म्हणून हा दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरला इंजिनाचं गरम पाणी पुरवतात. त्या नळ्या घट्ट धरते ती स्क्रूने आवळायची होज क्लिप. ब्रिटिश नौदलातले कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी 1921 मध्ये तिचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांत तिच्या तत्त्वात फारसा फरक पडलेला नाही.

आता मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. गॅस सिलिंडरांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय नागपुरात आहे. वाहनांची चाचणी करणारी ‘एआरएआय’ 1966 पासून पुण्यात आहे आणि दिल्लीजवळ मानेसरला ‘आयकॅट’ आहे. नियम आहेत, प्रयोगशाळा आहेत. कसर राहते ती पुढे. दर तीन वर्षांनी सिलिंडरची जलदाब चाचणी करावी लागते. त्यासाठी ते सोडवून काढतात, पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाबावर तपासतात आणि परत बसवतात. प्रमाणपत्र मिळतं ते सिलिंडरचं. परत बसवताना पट्टीखालचं रबर नवं घातलं का, हे त्यावर नसतं. हे रबर घर्षण देतं, धातूला धातू घासू देत नाही आणि गॅस भरल्यावर सिलिंडर किंचित फुगतं ते सामावून घेतं. पण 45 अंशांच्या उन्हाळ्यात तापत राहिलेलं रबर कडक होतं, चेपतं. पट्टीचा ताण उतरतो. ताण उतरला की बोल्टची कहाणी मघाशी सांगितली तीच.

इथे थांबलो असतो, तर व्याख्यान अपुरं राहिलं असतं. कारण ब्रॅकेट आभाळातून पडत नाही. गुरुग्राम, मानेसर, फरीदाबादच्या गल्ल्यांतल्या पॉवर प्रेसखाली पत्रा कापला जातो, भोकं पडतात, कडा दुमडतात. त्या प्रेसमध्ये पत्रा सरकवणारा हातही असतो. या पट्ट्यातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवताना पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या माणसांच्या नोंदी त्यांत पानोपानी आहेत. हात आत असताना प्रेस खाली येऊ न देणारा सेन्सर किंवा दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणारी रचना ही काही दुर्मिळ विद्या नाही.

आपल्या जिवासाठी 20 पट जोराचा हिशोब कागदावर मांडणारा उद्योग, तो भाग घडवणाऱ्या हातासाठी एक सेन्सर परवडत नाही असं म्हणतो, तेव्हा ती तंत्राची मर्यादा नसते. तो कोणाच्या जिवाला किती किंमत द्यायची याचा निर्णय असतो. भाराची वाट डिकीत संपत नाही, ती प्रेसपर्यंत मागे जाते. म्हणून दोन गोष्टी मागा. पुढच्या जलदाब चाचणीनंतर मेकॅनिकला सांगा, की नवं रबर घाल, टॉर्क पान्याने आवळ आणि महिनाभराने पुन्हा तपासून दे. आणि तुमच्यापैकी जे या कंपन्यांत खरेदीच्या खुर्चीवर बसतात, त्यांनी पुरवठादाराच्या दरपत्रकाशेजारी त्याच्या प्रत्येक प्रेसवरच्या संरक्षणाची नोंद मागावी. ती नसेल, तर ऑर्डर देऊ नये.