वडगाव, वसई आणि अमेरिकेची तटस्थता
(सोमाटणे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



येथून वडगाव फार दूर नाही. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी तेथे कोंडले व तह करावयास भाग पाडले. ही हकीकत मावळात सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी अटलांटिकपलीकडे अमेरिकन वसाहतीही इंग्रजांशी लढत होत्या, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

या दोन्ही लढ्यांत फ्रान्सचा धागा आहे. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच प्रतिनिधी पुण्यास आला आणि नाना फडणीसांची त्याच्याशी बोलणी सुरू झाल्याने मुंबईकर इंग्रज धास्तावले. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी अमेरिकनांनी फ्रान्सशी युतीचा तह केला. एका साम्राज्याविरुद्ध दुसऱ्याचा उपयोग करावा, ही नीती दोघांनाही उमगली होती. प्रश्न त्यापुढचा आहे. मदत घेतल्यानंतर निर्णय कोणाच्या हाती राहिला?

अमेरिकेने तो आपल्या हाती ठेवला. १७९३ मध्ये फ्रान्स व ब्रिटन यांच्यात युद्ध जुंपताच वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली. १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात त्याने परराष्ट्रांशी कायमच्या युती टाळण्याचा सल्ला दिला. १८०० च्या करारान्वये फ्रान्सबरोबरची युतीही संपुष्टात आली.

आपल्याकडे काय घडले? होळकरांच्या भीतीने राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. इंग्रजांच्या सहा पलटणी कायमच्या पदरी आल्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेला आणि परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालविण्याचे बंधन आले. वडगावला रणांगणावर मिळविलेले वसईला कागदावर गेले.

तथापि अमेरिकेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. १८०३ मध्ये तिने नेपोलियनकडून लुईझियाना विकत घेतला. त्या भूमीवरील मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही. हैतीच्या गुलामांनी फ्रेंच सत्ता झुगारून १८०४ मध्ये स्वातंत्र्य पुकारले. गुलामांचे मालक असलेल्या अमेरिकेने त्यांना मान्यता दिली ती १८६२ मध्ये! १८२३ च्या मन्रो घोषणेने अमेरिका खंडात नव्या युरोपीय वसाहतींना विरोध केला, पण अस्तित्वात असलेल्या वसाहतींना हात लावणार नाही, असेही सांगितले.

वॉशिंग्टनचा सल्ला सोडून त्याचा देश पुढे स्वतःच लष्करी युतींत गुंतला. त्याचे फळ आपण गोव्याच्या वेळी पाहिले. डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेत अमेरिकेने, ब्रिटन व फ्रान्ससह, भारताने सैन्य मागे घ्यावे अशा ठरावाला पाठिंबा दिला. पोर्तुगाल हा तिचा ‘नाटो’मधील साथीदार होता. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो ठराव बारगळला.

अलिप्ततेचा अर्थ यातून स्पष्ट होतो. कुंपणावर बसणे म्हणजे अलिप्तता नव्हे. निर्णय आपल्या हाती असला पाहिजे आणि तो घेताना गुलामीत पिचलेल्यांची बाजू सुटता कामा नये. अमेरिकेने पहिली अट पाळली, दुसरी पाळली नाही. बाजीरावांनी पहिलीच गमावली. म्हणून कोणत्याही सरकारने कोणत्याही महासत्तेशी करार केला, तर कार्यकर्त्यांनी गावोगाव तीन प्रश्न विचारावेत: फौज कोणाची, खर्च कोणाचा आणि शेवटचा शब्द कोणाचा?