तीन पानांचा हिशेब

धानाची कापणी सुरू झालेली असते, हलक्या धानाचा पैसा हातांत येऊं लागलेला असतो, आणि दिवाळी येते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत आसगांव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा सारा मुलूख भाताचा. अशा गांवांतून दिवाळीपासून मंडईपर्यंतच्या कांहीं रात्री दंडारींत जातात, कांहीं झाडीपट्टीच्या नाटकांत, आणि कांहीं, चारचौघांत हें बोलण्याची चाल नसली तरी, पत्त्यांच्या फडांत. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असें नांवच परंपरेनें देऊन ठेवलेलें असल्यामुळें खेळणाऱ्याला धर्माचा आधार शोधावा लागत नाहीं. शोधावा लागतो तो हिशेबाचा.

या हिशेबाची एक फार जुनी गोष्ट विदर्भाच्याच वाटेवर घडली, असें महाभारत सांगतें. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघाला होता, आणि राज्य जुगारांत घालवून बसलेला नल बाहुक या नांवानें त्याचा रथ हांकीत होता. वाटेंत एक बेहड्याचें झाड लागलें. ऋतुपर्णानें त्याच्या दोन फांद्यांवर एकंदर २,०९५ फळें आहेत असें सांगितलें. नलानें रथ थांबविला, झाड पाडलें, फळें मोजलीं आणि तीं तितकींच भरलीं. राजानें सांगितलें कीं ज्याला हें मोजणें साधतें त्याला फांसेही साधतात; आणि अश्वविद्येच्या बदल्यांत त्यानें नलाला अक्षविद्या दिली. बेहड्याचीं फळें त्या काळीं फांशांच्या जागीं वापरीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे झाडाची निवड सहज झालेली नव्हे हें कळतें. भंडाऱ्याच्या रानांत बेहडा अजूनही आढळतो. तथापि त्याच्याखालीं बसून मोजणारे थोडे, आणि नुसतेंच खेळणारे पुष्कळ.

फडावरचा खेळ बहुधा तीन पत्तीचा. प्रत्येकानें आरंभीं ठरलेला पैसा मध्यें टाकावा, तीन तीन पानें घ्यावीं, आणि मग आळीपाळीनें चाल करीत जावें किंवा पानें टाकून द्यावीं. या खेळांतील खरी मौज एका नियमांत आहे. ज्यानें आपलीं पानें पाहिलेलीं नाहींत, त्यानें जेवढा पैसा टाकावा त्याच्या दुप्पट पैसा पानें पाहिलेल्यानें टाकावा लागतो. म्हणजे अज्ञानाला येथें निम्म्या भावांत माल मिळतो आणि ज्ञानाला पुरा भाव मोजावा लागतो. म्हणून पहिल्या एकदोन फेऱ्या बंद पानांवर खेळणें हा केवळ धाडसाचा देखावा नसून व्यवहारही आहे. पुढें मात्र मध्यें पैसा वाढत जातो, समोरचे दोघे पानें पाहून चाल करूं लागतात, आणि मग स्वस्त अज्ञानही महाग पडतें.

पानें पाहिलीं म्हणजे तीं कितपत चांगलीं आहेत हें ओळखतां आलें पाहिजे. बावन्न पानांतून तीन पानांचे हात एकंदर २२,१०० होतात. त्यांपैकीं १६,४४० हातांत कांहींच जुळत नाहीं. जोडीचे ३,७४४, एका रंगाचे १,०९६, क्रमानें येणारे ७२०, तीनही पानें सारखीं असे ५२, आणि एकाच रंगांत क्रमानें येणारे ४८. म्हणजे चारांतून तीन वेळां हातांत जोडीसुद्धां येत नाहीं. पण खेळणारा जोडीची वाट पाहत बसतो आणि वाट पाहण्याचा पैसा दर डावाला टाकीत राहतो. या साऱ्या हातांचा मध्य कोठें येतो हें काढून पाहिलें तर राजा, दश्शी आणि दुर्री या पानांवर येतो: हा हात व त्याहून चांगले मिळून ११,०६०, म्हणजे जवळजवळ नेमके निम्मे. एकच प्रतिस्पर्धी उरला असेल तर राजा-दश्शीचा हात बरोबरीचा समजावा. समोर चौघे असतील तर मात्र तोच हात भिकेचा. तेथें निम्म्याहून जरा अधिक खात्री हवी असेल तर दश्शांची जोडी लागते. राजा पाहून छाती फुगविणाऱ्यानें आधीं डोकीं मोजावीं.

येथें जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे तीन सारख्या पानांना सर्वांत वरचा मान आहे, आणि एकाच रंगांतील क्रम त्याच्या खालीं. वस्तुतः तो क्रम चार हातांनीं अधिक दुर्मिळ आहे. तीन एक्के एकत्र आले कीं गणित गप्प बसतें, हें खेळाच्या दृष्टीनें ठीकच आहे.

परंतु गांवच्या फडाचा मोठा गुण पानांत नाहीं. तेथें पाटलाच्या मुलानें हरलेला रुपया दुकानदाराच्या खिशांत जातो, आणि पोळ्याच्या सुमारास तो कदाचित् परतही येतो. सर्वांचें मिळून नुकसान शून्य असतें. शिवाय समोर माणूस असतो. तो बुजरा आहे कीं उतावळा, भरलेल्या हातानें सावकाश चाल करतो कीं मोकळ्या हातानें घाईनें, हें वर्षानुवर्षांच्या शेजारामुळें ठाऊक असतें. यालाच खेळाडू अक्कल म्हणतात, आणि ती कांहीं अंशीं अक्कल असतेही. सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९६७ सालीं रमीच्या खेळांत कौशल्य असतें असें म्हणतांना, फ्लश, ब्रॅग इत्यादि नांवांनीं खेळला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असा भेद करून ठेवला आहे. फडाला आश्रय देणारा जेव्हां प्रत्येक डावांतून आपला हिस्सा काढूं लागतो, ज्याला कांहीं ठिकाणीं नाल म्हणतात, तेव्हां गोष्ट पालटते. मग शून्याची बेरीज मोडते. मध्य प्रांतालाही लागू असलेल्या १८६७ च्या जुगाराच्या कायद्यानें बोट ठेवलें तें याच जागीं: घरधन्याच्या फायद्यासाठीं जेथें खेळाचें साहित्य ठेविलें जातें तें जुगारगृह.

हा घरधनी पूर्ण वाढला म्हणजे त्याचा कॅसिनो होतो. महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोंचा एक कायदा करून ठेवला होता. तो कधीं अमलांत आलाच नाहीं, आणि २०२३ सालीं तो मोडीत काढण्याचें ठरलें. गोव्यानें १९७६ च्या आपल्या जुगारबंदीच्या कायद्यांत १९९२ व १९९६ सालीं दुरुस्त्या करून वाट मोकळी केली. पणजीला मांडवीच्या पात्रांत उभीं असलेलीं जहाजें हें त्याचें फळ. आसगांवचा एखादा गृहस्थ सहलीच्या निमित्तानें तेथें गेला आणि त्याच्यापुढें तीन पानें आलीं, तर त्याला आपल्याच अंगणांत बसल्यासारखें वाटणार. घोटाळा येथेंच होतो.

कॅसिनोंतील तीन पानांचा जो पोकर जगभर पसरला आहे, तो डेरेक वेब या इंग्रज खेळाडूनें १९९४ च्या सुमारास बसविला. त्यांत खेळणारा इतर कोणाशीं न खेळतां केवळ घराशीं खेळतो. तो पहिली बोली लावतो, पानें पाहतो, आणि एक तर तीं टाकून बोली गमावतो, नाहीं तर तेवढीच दुसरी बोली लावतो. मग घराचीं पानें उघडतात. घराकडे राणी किंवा तिच्यावरचें कांहीं नसेल तर घर डावांत उतरलेंच नाहीं असें धरून पहिल्या बोलीवर तेवढाच नफा मिळतो आणि दुसरी नुसती परत मिळते. घर उतरलें तर दोन्ही बोल्या जिंकाव्या किंवा दोन्ही हराव्या. क्रमाच्या वा त्याहून मोठ्या हाताला वर थोडें बक्षीस असतें. तेथें बंद पानांची सवलत नाहीं आणि शेजाऱ्याचा चेहरा नाहीं. पानें वांटणारा पगारी नोकर असतो. त्याला भिवविणें म्हणजे तराजूला दटावण्यासारखें आहे. फडावर मिळविलेली सारी अक्कल धक्क्यावर ठेवूनच जहाजावर चढावें लागतें.

उरतो एकच निर्णय: दुसरी बोली लावावी कीं पानें टाकावीं? श्रोत्यांनीं असें समजावें कीं पहिली बोली शंभर रुपयांची आहे आणि हातांत गुलामाच्या वर कांहीं नाहीं. पानें टाकलीं तर शंभर गेले. खेळलें तर काय? आपल्याच हातीं हलकीं पानें आल्यामुळें घराकडे तीं जरा कमी उरतात. म्हणून अशा शंभर डावांत सुमारें २९ वेळां घर उतरत नाहीं आणि शंभर रुपये मिळतात, ७१ वेळां उतरतें आणि दोनशें जातात. मिळाले २,९००, गेले १४,२००. दर डावाला ११३ चा खड्डा. तेव्हां शंभर सोडणें हेंच शहाणपण. हातीं राणी असली तर घर न उतरण्याचा संभव किंचित् वाढतो, आणि घराच्या हलक्या राण्यांवर मात करण्याची थोडी आशाही येते. दोन्ही पारडीं जेथें समतोल होतात तो हात राणी, छक्की आणि चव्वी हा आहे. तो किंवा त्याहून चांगला हात आला तर लावावें, कमी आला तर टाकावें. २२,१०० पैकीं १४,९०० हात खेळण्याचे आणि ७,२०० टाकण्याचे. या खेळाचें सारें शास्त्र एवढेंच आहे. तें पाठ करायला चहाचा एक पेला पुरतो.

आणि हें शास्त्र बिनचूक पाळल्यावरही घराला पहिल्या बोलीच्या ३.३७ टक्के राहतात. न पाहतां प्रत्येक हातावर दुसरी बोली लावणाऱ्याकडून ७.६५ टक्के. म्हणजे डावपेचाची पुरी किंमत चार टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ती वाचवूनही मनुष्य शून्यापर्यंत पोंचत नाहीं.

३.३७ हा आंकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून तो धानांत मोजून पाहणें बरें. बोली ५०० रुपयांची, तासाला ४० डाव, बसणें पांच तासांचें, असें धरलें तर २०० डावांत घराची सरासरी वसुली ३,३७० रुपये होते. २०२४-२५ च्या हंगामांत साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे ही जवळजवळ दीड क्विंटल धानाची रास झाली, आणि तीही एकही चूक न करणाऱ्याची. गंमत अशी कीं ही वसुली कोणाला दिसत नाहीं. कारण त्याच २०० डावांत नशिबाची लाट एकीकडे किंवा दुसरीकडे साडेअकरा हजारांपर्यंत सहज जाते. त्या लाटेखालीं तीन हजारांचा उतार झांकून जातो. हिशेब केला तर अशा शंभर खेळाडूंपैकीं सुमारें ३८ जण त्या रात्रीं जिंकूनच उठतात. गांवीं परतल्यावर गोष्टी सांगतात ते हेच. उरलेले बासष्ट समुद्राचें वर्णन करतात. तोच मनुष्य अशा पन्नास रात्री बसला तर मात्र शंभरांत दोघांच्याच हातीं नफा उरण्याचा संभव राहतो.

उतारावर चढ शोधणारे दोन उपाय नेहमीं सांगितले जातात. एक दुपटीचा: हरलें कीं बोली दुप्पट करावी, एकदां जिंकलें कीं सारें वसूल. शंभरापासून निघून सात वेळां ओळीनें हरलें तर १२,७०० गेलेले असतात आणि आठवी बोली १२,८०० ची लागते, तीही मूळच्या शंभरांच्या लाभासाठीं. शिवाय दुसऱ्या बोलीची तजवीज निराळीच, आणि मेजावर बोलीची वरची मर्यादाही लिहिलेली असते. दुसरा उपाय बाजूच्या बोलीचा. जोडी किंवा त्याहून चांगला हात येईल अशी ती स्वतंत्र पैज असते. तिच्यांत ठरविण्यासारखें कांहींच नसतें, पण वाचण्यासारखें एक असतें. एका रंगाच्या हाताला चौपट देणाऱ्या मेजावर घराचा हिस्सा २.३२ टक्के पडतो. तेथेंच तिप्पट लिहिलें असेल, आणि बाकीचे भाव तेच असतील, तर तो ७.२८ होतो. पाटीवरचा एक आंकडा बदलला कीं नाल तिप्पट. पाटी न वाचतां बसणाऱ्याला राणी-छक्की-चव्वीचा उपयोग थोडाच.

नफ्याच्या संभवावरून बोली किती लावावी याचें सूत्र केली या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५६ सालीं मांडलें. जेथें सरासरी आपल्या विरुद्ध आहे तेथें त्या सूत्राचें उत्तर शून्य येतें. तरीही ज्याला करमणूक म्हणून बसायचेंच असेल त्यानें उलट बाजूनें निघावें: रात्रीपुरता म्हणून जो पैसा घरून बाजूला काढला असेल त्याचे शंभर भाग करून एकेका भागाची बोली लावावी. दहा हजार असतील तर शंभराची बोली. मग २०० डावांच्या सामान्य लाटेंत तो बुडत नाहीं, पांच तास बसूं शकतो, आणि त्याच्या करमणुकीची सरासरी किंमत ६७४ रुपये पडते. त्याच दहा हजारांवर पांचशेंची बोली लावणाऱ्याजवळ वीसच भाग असतात. त्याची रात्र पुष्कळदां जेवणाच्या वेळेपूर्वींच संपते.