दोन दिवस गिरगावात



भाद्रपद जवळ आला की आमच्या कोकणात एक ठरलेले दृश्य दिसते. मुंबईची सारी माणसे गावाकडे धावत सुटतात. रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते आणि एस.टी.च्या जादा गाड्याही पुऱ्या पडत नाहीत. अशा वेळी कोणी उलट्या दिशेने, म्हणजे कोकणातून मुंबईला निघाला, तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. २०२४ साली मी तसा निघालो. बरोबर माझी बारा वर्षांची मुलगी होती. आमच्या घरचा गणपती थोरल्या भावाकडे, मूळ घरी असतो. तेथे एक माणूस कमी झाल्याने काही अडत नाही, अशी मी घरात सर्वांची समजूत घातली. ती कितपत पटली हे सांगत नाही.

निघण्याला कारण होते. गिरगावात माझे चुलते राहतात. उभा जन्म त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला आणि तो एका चाळीतल्या एका खोलीत काढला. श्रावणात त्यांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, चाळ पाडायची ठरली आहे. पुढच्या वर्षी आम्ही कुठे असू, ठाऊक नाही. पोरीला घेऊन ये. चाळीचा गणपती तिला एकदा दिसू दे." मी कॉलेजात शिकवतो, पण काकांच्या लेखी मी अजून मास्तरच आहे.

त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. शुक्रवारी रात्री आम्ही गाडीत बसलो. गाडीत आम्ही धरून अकरा उतारू होते. समोरून मात्र भरलेल्या गाड्यांची रांग संपत नव्हती. पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो, लोकलने दोन स्टेशने गेलो आणि चर्नी रोडला उतरून चालत चाळीत पोचलो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

मुंबईला जायचे म्हणून मी एक यादी करून आणली होती. दोन दिवसांत काय काय पाहायचे, त्याची ती यादी होती. आपण शिक्षक माणसे. वेळापत्रक केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. यादीत पहिले नाव एका सुप्रसिद्ध मोठ्या गणपतीचे होते. दुपारी काकूंच्या हातचे उकडीचे मोदक आणि वालाचे बिरडे जेवून झाल्यावर आम्ही निघालो. काका म्हणाले, "जाऊन या. मात्र आठच्या आरतीला परत या." आम्ही रांगेत उभे राहिलो. एक तास गेला, दोन गेले, चार गेले. पुढे माणसांच्या पाठी आणि मागे माणसांचे रेटे. शेवटी मुलगी रडकुंडीला आली, तेव्हा दर्शन न घेताच रांग सोडली. चाळीत पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आरती केव्हाच झाली होती. काकूंनी प्रसादाची ताटली झाकून ठेवली होती. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींकडून कळले की, गावाहून आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी आरतीचे तबक द्यायचे, अशी त्या चाळीची जुनी रीत आहे. माझ्या मुलीच्या नावाने तबक तयार होते. तिची वाट पाहून मग आरती सुरू केली होती.

मी यादी फाडून टाकली.

दुसरा दिवस रविवार, ऋषिपंचमीचा. ऋषीची भाजी आपल्याकडेही होते. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, हा तिच्यामागचा नेम. म्हणून नांगरल्या शेतातले काही न घेता परसातले, कुंपणावरचे, मांडवावरचे घ्यायचे: अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस, आंबटपणासाठी चिंच नाही तर अंबाडे. सगळे एकत्र शिजवायचे. मसाल्याचा थाट नाही की फोडणीचा नाही.

या चाळीत ती भाजी घरोघर होत नाही. सगळ्या मजल्याची एकच होते, मोठ्या पातेल्यात. काकूंजवळ एक जुनी वही आहे. तिच्यात खोलीचा क्रमांक आणि त्यापुढे एकेक जिन्नस लिहिलेला आहे. कोणाचे सुरण, कोणाची भेंडी, कोणाचा नारळ. मजल्यावर बावीस खोल्या. वर्षानुवर्षे जिन्नस ठरलेले. त्या वर्षी बावीसपैकी नऊ खोल्यांना कुलपे होती. माणसे आधीच विरारला, डोंबिवलीला, बदलापूरला राहायला गेलेली. काकूंनी त्या नऊ जिन्नसांची चिठ्ठी माझ्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एवढं घेऊन ये."

आम्ही बाजारात गेलो. वसई-पालघरकडून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला पानाफुलांचे, भाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. आपल्याकडे कुंपणावर वाळून जाणारी शिराळी आणि कोणी विचारत नाही असे माठाचे देठ तेथे मानाने विकले जात होते. मुलीने भाव ऐकून माझ्याकडे पाहिले. त्या बाईंच्या ते लक्षात आले. त्या हसून म्हणाल्या, "गावाकडची दिसतेस. तुमच्याकडं हे फुकट. पण इथवर डोक्यावरून आणावं लागतं ना, बाय." शेतमालाचा भाव कशात असतो, याचा एक धडा तिला तेथे मिळाला. पुस्तकातून तो शिकवायला मला एक तास लागला असता.

परत येताना मी काकूंना विचारले, "कुलूपबंद खोल्यांचे पैसे कोण देणार?" त्या म्हणाल्या, "अरे, ती माणसं जेवायला येणार आहेत ना?" आणि खरोखरच बारा वाजायच्या आत ती माणसे आली. दीड-दीड तास लोकलने आली. गंमत म्हणजे प्रत्येकाच्या पिशवीत आपापला ठरलेला जिन्नस होताच! पातेल्यात सुरण दुप्पट झाले. मग गॅलरीत पंगत बसली. आजवर मी अनेक मेजवान्या जेवलो. त्या भाजीची चव मात्र अजून जिभेवर आहे.

श्रोतेहो, गिरगाव हा भाग मुळात असा एकत्र जगण्यातून घडलेला आहे. फोर्टातल्या कचेऱ्यांत काम करणारे कारकून आणि छापखान्यातले कामगार येथे आले. पुष्कळजण एकटे आले, बिऱ्हाड गावी ठेवून. त्यांच्या पोटासाठी खानावळी निघाल्या आणि मग उपाहारगृहे आली. मिसळ, थालीपीठ, साबुदाणावडा, कोथिंबीरवडी, पियूष हे पदार्थ आज आपण हौसेने खातो. त्यांच्यामागे घरापासून दूर राहणाऱ्या माणसाची भूक आहे. तिकडे लालबाग-परळच्या गिरणगावात तर गिरणीकामगारांची जेवणे घरोघरच्या बायकांनी सांभाळली. अशा बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून उभे करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला आणि ते सारे जगणेच विस्कटले. वडापाव खाताना हेही आठवावे.

त्या रविवारी सकाळी बाजाराआधी आम्ही एका जुन्या उपाहारगृहात मिसळ खाल्ली. आकाशवाणीवरून दुकानाचे नाव घेण्याचा प्रघात नाही. घेण्याची गरजही नाही. सकाळी आठ वाजता ज्या दारासमोर आसपासची माणसे वर्तमानपत्र घेऊन उभी असतात, ते दार आपले समजावे.

तेथून जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथे सुरू झाला. आपल्याला वाटते, पहिला म्हणजे मूर्ती केवढी मोठी असेल! मूर्ती लहानशी, शाडूची. रांग नाही, रेटा नाही. मुलगी समोर बसून राहिली. आदल्या दिवशी चार तासांत जे मिळाले नव्हते, ते तेथे पाच मिनिटांत मिळाले.

दुपारी काका आम्हाला खोताच्या वाडीत घेऊन गेले. गिरगावच्या गजबजाटात ही एक अरुंद गल्ली आहे. लाकडी घरे, बाहेरून जिने, पुढे ओटी, गल्लीत एक क्रूस. येथे ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जाणारे ख्रिस्ती लोक राहतात. ते या मातीतलेच. त्यांची बोली मराठी आहे. त्यांच्या स्वयंपाकातला बाटलीमसाला उन्हाळ्यात वाळवणाबरोबर कुटतात आणि वर्षभर बाटल्यांत भरून ठेवतात. आपल्या बायका करतात तसाच. योग असा की, त्या वर्षी ऋषिपंचमी आणि मारियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबर, हे दोन्ही एकाच दिवशी आले होते. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाउलीची जत्रा त्याच दिवशी सुरू झाली. तेथे हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसाने वाहतात आणि नवस करणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. याच समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा नावाचा सण असतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. आपले नवान्नच की! ज्यांची शेते इमारतींखाली गेली, त्यांनीही भाताची लोंबी सोडलेली नाही.

वाडीतली निम्म्याहून अधिक जुनी घरे मात्र आता गेली आहेत. मुलीने ते ऐकले आणि परत येताना काकांना विचारले, "आजोबा, चाळ पडली की तुमचा गणपती कुठे बसणार?"

काका थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "गणपतीला जागा मिळेल ग. नव्या बिल्डिंगीत खाली हॉल असणार म्हणतात. चाळीत संडासाला जाताना, पाणी भरताना माणूस माणसाला दिसतो. नवीन घरात सगळं आत. ते चांगलंच आहे. तुझ्या काकूआजीचे गुडघे गेले जिने चढून. पण आरतीला खाली उतरायचं, हे मग आपलं आपण ठरवावं लागेल. आजवर ते ठरवावं लागत नव्हतं."

श्रोतेहो, चाळ म्हणजे स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. एका खोलीत सात-सात माणसे राहिलेली आहेत आणि जिने कुजलेले आहेत. चाळ जायला हवी होती. पण चाळीबरोबर काय काय जाऊ द्यायचे नाही, हे त्या म्हाताऱ्या माणसाला नेमके ठाऊक होते.

संध्याकाळी आम्ही चौपाटीवर गेलो. दीड दिवसाचे गणपती निघाले होते. कोणी मूर्ती डोक्यावर पाटावर घेऊन, कोणी टॅक्सीतून मांडीवर घेऊन आलेले. जवळच लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. रात्री आठला मात्र आम्ही चाळीत हजर होतो. पहिला दिवस हुकला होता, तरी तबक मुलीच्या हाती दिले गेले. आरती होताच आम्ही गाडी गाठली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपण मुलांच्या सहली शहरात नेतो तेव्हा दोन दिवसांत वीस ठिकाणे दाखवतो. मुलांना आठवते ती बसमधली उलटी. माझी विनंती एवढीच की, एक वस्ती निवडा आणि ती पायी हिंडा. तिथली माणसे जे खातात ते, ती खातात त्या वेळी खा. सण असेल तर आधी विचारा, आमची मुले कोणते काम करू शकतील? बघ्याला रांग मिळते. काम करणाऱ्याला घरात घेतात. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. नारळ न्या, हळदीची पाने न्या. शहरात त्यांचे मोल आहे. परतल्यावर मुलांना निबंध सांगायचाच, तर मुंबईवर सांगू नका. आपल्या आळीत कोणाच्या घरून काय येते, याची वही करायला सांगा.

थोडे राहिले आहे. २०२५ साली चाळ रिकामी झाली. काका-काकू डोंबिवलीला भाड्याच्या घरात गेले. त्या वर्षी राज्य सरकारने गणेशोत्सव हा महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. चाळीच्या मंडळाने गल्लीच्या तोंडाशी छोटा मंडप घातला. ऋषिपंचमी गुरुवारी आली, म्हणजे कामाचा दिवस. मंडपामागे पातेले चढले. वहीतल्या बावीसपैकी चौदा जिन्नस आले. बाकीच्या आठांची चिठ्ठी घेऊन काकू स्वतः बाजारात गेल्या. गिरगावचे मेट्रो स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. आता येणे सोपे होईल, असे काका म्हणतात. पुढे किती येतील हे मी सांगू शकत नाही.

त्या वहीत मात्र एक ओळ वाढली आहे. काकूंनी तेविसावा आकडा घातला आहे आणि त्यापुढे माझ्या मुलीचे नाव लिहून जिन्नस लिहिला आहे: अंबाडे. आमच्या परसात ते झाड आहे. दरवर्षी फळे खाली पडून कुजत असत. आता भाद्रपद जवळ आला की ती ते मोजायला लागते.